लहान मुलांना स्त्री-शास्त्रज्ञांची ओळख : आधी तिचे काम, मग तिचे मोठेपण

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना विज्ञानात पायाभूत काम केलेल्या स्त्रियांच्या गोष्टी सांगायच्या आहेत, तर सुरुवात कोणापासून करावी. त्यांच्या वाट्याला आलेला अन्याय आणि काहींचे अकाली मृत्यू या वयात कसे सांगावेत. आणि वर्गातले मुलगे ‘ही तर मुलींची गोष्ट’ म्हणून अंग काढून घेतात, त्यावर काय करावे. या वयाच्या मुलांना विज्ञान शिकवण्याचे आणि गोष्टी सांगण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि माझ्या मते या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. गोष्ट त्या बाईच्या मोठेपणापासून सुरू केली की तिन्ही अडचणी समोर उभ्या राहतात. तिला पडलेल्या प्रश्नापासून, तिच्या हातातल्या कामापासून सुरू केली, तर त्यांतल्या बऱ्याचशा उद्भवतच नाहीत आणि ज्या उरतात त्या हाताळता येतात.

‘अमुक क्षेत्रातील पहिली महिला’ हे वाक्य मोठ्यांना भारावून टाकते, परंतु सहा वर्षांच्या मुलाला त्यातून काहीच दिसत नाही. ते क्षेत्र कोणते हे त्याला ठाऊक नसते, त्यात स्त्रिया नव्हत्या हेही ठाऊक नसते. किंबहुना विज्ञान हे पुरुषांचे काम असते ही कल्पना काही मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा येते ती आपल्या याच वाक्यातून. ज्या भिंतीची मुलाला कल्पनाच नाही ती आधी बांधायची आणि मग एकीने ती कशी ओलांडली हे सांगायचे, असा उलटा प्रकार होतो. याचा अर्थ ती समजूत समाजात नाही असे नव्हे. डेव्हिड वेड चेंबर्स या संशोधकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांपैकी अवघ्या २८ चित्रांत स्त्री होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. नंतरच्या दशकांत हे प्रमाण बरेच सुधारले. तरीही २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाचव्या वर्षी मुली स्वतःच्या गटाला मुलग्यांइतकेच ‘अतिशय बुद्धिमान’ समजतात, पण सहाव्या-सातव्या वर्षी ही खात्री ढळू लागते आणि ‘फार हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळांपासून त्या दूर राहू लागतात.

या निष्कर्षावरून अनेक जण असा बोध घेतात की मुलींना बुद्धिमान स्त्रियांची उदाहरणे द्यावीत. मला तो बोध अपुरा वाटतो. मेरी क्युरी असामान्य बुद्धीच्या होत्या असे सांगितले, तर ऐकणारी मुलगी त्यांच्याविषयी आदर बाळगेल, पण ‘मी काही तशी नाही’ असेही मनाशी ठरवून टाकेल. २०१९ मधील आणखी एका अभ्यासाने याला दुजोरा दिला आहे. लहान मुलांना ‘आज आपण शास्त्रज्ञ व्हायचे’ असे सांगण्याऐवजी ‘आज आपण विज्ञानाचे काम करायचे’ असे सांगितले, तेव्हा मुली त्या कामात अधिक वेळ टिकून राहिल्या. म्हणून गोष्ट सांगताना विशेषणे कमी आणि क्रियापदे जास्त ठेवावीत: तिने पाहिले, मोजले, वाट पाहिली, पुन्हा मोजले, चित्र काढले, विचारले.

आता सुरुवात कोणापासून करायची ते पाहू. बहुतेक ठिकाणी पहिला मान मेरी क्युरी यांना मिळतो. त्यांच्या योग्यतेबद्दल वादच नाही, परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांची निवड मला पटत नाही. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तो समजावू लागलो की गोष्ट मागे पडते. या वयाला अशी शास्त्रज्ञ हवी जिचा प्रश्न मुलाच्या मनात आधीच आलेला आहे. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल चार-पाच वर्षांच्या असताना कोंबडीतून एवढे मोठे अंडे बाहेर येते तरी कोठून, हे पाहण्यासाठी खुराड्यात जाऊन तासन्‌तास गुपचूप बसल्या होत्या. घरचे शोधून थकले, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली, आणि ती अंगाला पेंढा लागलेली छोटी मुलगी धावत घरी आली तेव्हा आईने रागावण्याऐवजी तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. ही गोष्ट सांगताना कोणत्याही वर्गात शांतता पसरते, कारण हा प्रश्न प्रत्येकाचा असतो. तिथून १९६० मधल्या आफ्रिकेतील गोंबेच्या जंगलापर्यंत जाणे फार सोपे आहे: तीच मुलगी मोठी झाली, पुन्हा तशीच शांत बसली, चिंपांझी कित्येक आठवडे तिला पाहताच पळून जात होते, आणि अखेर पांढुरक्या दाढीच्या एका चिंपांझीने वारुळात गवताची काडी घालून वाळवी कशी बाहेर काढायची हे तिला पाहू दिले. माणसाखेरीज कोणीही हत्यार बनवत नाही अशी तेव्हाची समजूत होती. ती या काडीने मोडली, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

दुसरे नाव मी मारिया सिबिला मेरियन यांचे सुचवेन. त्यांचा जन्म १६४७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे झाला आणि तेराव्या वर्षापासून त्यांनी रेशमाचे किडे पाळून त्यांच्या नोंदी ठेवल्या. किडे चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप जन्मतात असे त्या काळी पुष्कळ लोक मानत होते. मेरियन यांनी अंडे, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू हा सगळा प्रवास, सुरवंट जे पान खातो त्या झाडासह, एकाच चित्रात काढायला सुरुवात केली. वयाच्या ५२ व्या वर्षी, १६९९ मध्ये, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन त्या जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या. ‘तीनशे वर्षांपूर्वी’ हे शब्द या वयाच्या मुलांना निरर्थक असतात, तेव्हा काळ वस्तूंच्या अभावातून सांगावा: कॅमेरा नव्हता, म्हणून जे दिसले ते हाताने काढावे लागे, विमान नव्हते, विजेचा दिवा नव्हता. गोष्टीबरोबर पारदर्शक बरणीत एखादा सुरवंट, तो ज्या झाडावर सापडला त्याच झाडाच्या ताज्या पानांसह ठेवता आला तर उत्तम, आणि मुलांनी रोज त्याचे चित्र काढावे. (केसाळ सुरवंटाला हात लावू देऊ नये; अंगाला खाज सुटते.) कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या किंवा गांधीलमाशीच्या जातीचे कीटक बाहेर पडतात. शिक्षकांना अशा वेळी प्रयोग फसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मेरियन यांनाही हेच दिसले होते आणि त्यांनी ते टिपून ठेवले होते. मुलांना हे नेमके तेव्हाच सांगावे.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मेरी थार्प यांच्या कामाइतके उपयुक्त उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या समुद्रतळाचा नकाशा तयार करत होत्या. जहाजातून पाण्यात ध्वनी सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून खोली काढायची, अशी पद्धत होती. स्त्रियांना त्या जहाजांवर जाऊ देत नसत. त्यामुळे सहकारी ब्रूस हीझन समुद्रावर जाऊन मोजमापे आणत आणि थार्प जमिनीवर टेबलापाशी बसून त्या हजारो आकड्यांतून डोंगर आणि दऱ्या रेखाटत. अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल घळ सलग जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. याचा अर्थ तिथे समुद्राचा तळ दोन्ही बाजूंना सरकतो आहे असा होत होता, आणि खंड सरकतात ही कल्पना तेव्हा हास्यास्पद मानली जाई. हीझन यांनी सुरुवातीला ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडली गेली, ती त्याच घळीच्या रेषेत आली आणि त्यांना ते मान्य करावे लागले.

हे सांगण्यापूर्वी मुलांच्या हाती एक खोका द्यावा. बुटांच्या रिकाम्या खोक्यात चिकणमातीचे उंचवटे, एखादी दरी, एखादा सपाट भाग करून ठेवावा. झाकणावर ओळीने, सारख्या अंतरावर भोके पाडावीत आणि झाकण चिकटवून टाकावे. बारीक काडीवर बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर खुणा कराव्यात. एका मुलाने काडी भोकातून तळाला टेकेपर्यंत घालायची, दुसऱ्याने कितवी खूण झाकणाशी आली ते वाचायचे, तिसऱ्याने चौकटीच्या कागदावर त्या जागी आकडा लिहायचा. मग प्रत्येक आकड्याला एक रंग ठरवून चौकटी रंगवायच्या. थोड्याच वेळात कागदावर डोंगर दिसू लागतो. यात दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी काडी तिरकी धरते आणि एक आकडा शेजारच्या सगळ्यांपेक्षा वेगळा येतो; तेव्हा ‘तिथे खरोखर खड्डा आहे की आपले मोजायचे चुकले’ हा वाद मुलांमध्ये आपोआप सुरू होतो, आणि तो आपण मिटवू नये, त्यांना पुन्हा मोजायला सांगावे. दुसरे म्हणजे सगळे जण खोका उघडा म्हणून मागे लागतात. माझा आग्रह असा की त्या दिवशी तो उघडू नये. थार्प यांना समुद्राचे पाणी बाजूला सारून कधीच बघता आले नाही. न पाहता कसे ठरवायचे हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. मुले रुसतात, पण दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन आधी आपापला अंदाज सांगतात आणि मगच खोका उघडतात. या खोक्यानंतर थार्प यांची गोष्ट सांगितली तर मुले ती जाणकारासारखी ऐकतात, आणि हीझन यांनी आधी ऐकले नाही या ठिकाणी त्यांना मनापासून राग येतो, कारण त्या आकड्यांमागची मेहनत आता त्यांना माहीत झालेली असते.

इथे आपला दुसरा प्रश्न येतो. अन्यायाची बाजू लपवू नये. फक्त ती कामाच्या मागून यावी. साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून मुलांची न्याय-अन्यायाची जाणीव फार तीव्र असते. ‘त्या काळी स्त्रियांना कमी लेखत’ असे मोघम वाक्य त्यांना पोहोचत नाही, परंतु ‘मुलींनी जहाजावर यायचे नाही असा नियम होता’ हे पोहोचते. नियम काय होता, तो कोणी केला होता, त्यामागे कोणते कारण सांगत, ते चुकीचे कसे होते, आणि तो कोणी बदलला, या क्रमाने सांगावे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे उदाहरण घ्या. पदवी परीक्षेत अव्वल येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून १९३३ मध्ये प्रवेश नाकारला. त्यांनी तो नकार मुकाट्याने स्वीकारला नाही, त्या अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो एक वर्ष काम पाहून मग ठरवू अशा जाचक अटींवर. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश देणे सुरू केले. हे सांगताना रामन यांना खलनायक करण्याची गरज नाही आणि ते थोर शास्त्रज्ञ होते म्हणून त्यांची बाजू सावरण्याचीही नाही. थोर माणूसही चुकीचा नियम करू शकतो, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला झेपते.

अन्याय रंगवताना सत्य ताणू नये, याबाबत मी थोडा कडक आहे. रोझलिंड फ्रँकलिन यांचे नोबेल पारितोषिक चोरले गेले असे सर्रास सांगितले जाते. त्यांच्या देखरेखीखाली १९५२ मध्ये घेतलेले डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत, पुढे डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळवणाऱ्या जेम्स वॉटसन यांना दाखवले गेले, हे खरे. त्यांना श्रेय पुरेसे मिळाले नाही, हेही खरे. पण ते पारितोषिक १९६२ चे, फ्रँकलिन १९५८ मध्येच, वयाच्या ३७ व्या वर्षी वारल्या होत्या, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. जोसेलिन बेल बर्नेल यांची गोष्टही अशीच काळजीने सांगावी. १९६७ मध्ये केंब्रिजला विद्यार्थिनी असताना लांबलचक कागदी पट्ट्यांवरच्या नोंदी तपासताना त्यांना एक बारीकसा वेगळा ठिपका खटकला. त्यातून पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारे तारे, सापडले. (दर सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळाने येणारा तो ठोका वर्गाने मिळून टाळ्यांनी वाजवून पाहावा, मुलांना फार आवडते.) १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला मिळाले. मुले विचारतात, ‘त्या भांडल्या का नाहीत?’ त्यांनी स्वतः जाहीरपणे तक्रार केली नाही, हे जसेच्या तसे सांगावे. आणि २०१८ मध्ये मिळालेले तीस लाख डॉलरचे पारितोषिक त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले, हेही. कोण बरोबर होते याचा निकाल आपण देण्याची घाई करू नये.

मृत्यूविषयी मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा सरळ विचारतात आणि त्यांना उत्तरही सरळच हवे असते. मेरी क्युरी १९३४ मध्ये रक्ताच्या आजाराने वारल्या. ज्या किरणांवर त्यांनी काम केले त्यांनीच शरीराला इजा झाली होती आणि त्या काळी तो धोका पुरता कळलेला नव्हता. त्यांच्या वह्यांतून आजही किरण बाहेर पडतात, म्हणून त्या शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. एवढे सांगून ‘आता असे काम करणारे कोणती काळजी घेतात’ याकडे वळावे, नाहीतर काही मुले दवाखान्यात क्ष-किरण तपासणीला घाबरू लागतात. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मात्र मी नऊ वर्षांखालच्या मुलांना सांगत नाही. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेल्या बाळाचा मृत्यू, १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी निधन, हा सगळा क्रम कापून-छाटून सांगितला तर त्यात आनंदीबाई उरत नाहीत, आणि पुरा सांगितला तर या वयाला पेलत नाही. थांबण्यात काही नुकसान नाही.

काम पुढे ठेवण्याचा आणखी एक लाभ असा की मदत करणारी माणसे गोष्टीत आपोआप येतात. एकटीने सगळ्या जगाशी झुंज देणारी नायिका हे चित्र आकर्षक असले तरी बहुधा खोटे असते. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांच्या इक्थिओसॉरची (समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या सरपटणाऱ्या प्राण्याची) कवटी आधी त्यांच्या भावाला दिसली होती, उरलेला सांगाडा त्यांनी शोधला. पॅरिसला शिकणाऱ्या बहिणीला पैसे पाठवता यावेत म्हणून मेरी क्युरी यांनी परक्या घरी राहून मुलांना शिकवले, आणि नंतर तीच बहीण त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९०३ च्या नोबेलसाठी सुरुवातीला त्यांचे नाव नव्हते. ते कळताच पिएर क्युरी यांनी पत्र लिहून त्यांच्या समावेशाचा आग्रह धरला. मेरियन यांना सुरिनाममधील वनस्पतींची माहिती तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांनी दिली, याची नोंद त्यांनी स्वतः केली आहे.

मुलग्यांच्या कंटाळ्याचे कारण बहुधा गोष्टीत नसून तिच्या वेष्टनात असते. ११ फेब्रुवारी (विज्ञानातील महिला व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस) किंवा ८ मार्च (महिला दिन) या दिवशी, सजवलेल्या फलकापुढे, ‘आज आपण महान महिलांविषयी ऐकणार आहोत’ असे म्हटले की मुलग्यांना हा कार्यक्रम आपल्यासाठी नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि खरे सांगायचे तर अनेक मुलींनाही तो उपदेशाचाच वाटतो. ते दिवस साजरे करायला हरकत नाही, पण ही नावे वर्षभर विषयाच्या ओघात यावीत. फुलपाखरू शिकवताना मेरियन, जीवाश्म शिकवताना ॲनिंग, भूकंपाची बातमी आली की इंगे लेहमान, ज्यांनी भूकंपाच्या लहरींच्या नोंदी पुठ्ठ्याच्या खोक्यांत कार्डांवर लावून १९३६ मध्ये पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. तापमापक हातात घेतला की ॲना मणी, ज्यांनी आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून विश्वकोश मागितला होता आणि ज्यांनी पुढे हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून आयुष्य वेचले. अशा वेळी एकही मुलगा ‘ही मुलींची गोष्ट’ म्हणत नाही, कारण त्याचे लक्ष वारुळावर, खोक्यावर किंवा पाऱ्याच्या रेषेवर असते.

वेशभूषा स्पर्धा, पाठ केलेली भाषणे आणि नावे-सन यांची प्रश्नमंजूषा यांतून फारसे काही हाती लागत नाही. वेळ मोजका असेल तर तो तिथे घालवू नये. त्याऐवजी वर्षातून एकदोनदा संशोधनाचे काम प्रत्यक्ष करणारी एखादी स्त्री वर्गात यावी. ती प्रसिद्ध असण्याची गरज नाही. पाण्याचे नमुने तपासणारी, मातीवर किंवा जिवाणूंवर काम करणारी, प्रयोगशाळेत उपकरणे सांभाळणारी कोणीही चालेल. तिला आधीच विनंती करावी की जीवनप्रवास सांगण्याऐवजी रोज हाताळते ते एखादे उपकरण किंवा एखादा नमुना घेऊन यावे आणि सध्या ज्याचे उत्तर सापडत नाही असा आपला एक प्रश्न मुलांपुढे मांडावा. मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्यावेत, आणि त्यांतला ‘तुम्ही शास्त्रज्ञ कशा झालात’ हा शेवटी ठेवून ‘या नळीत काय आहे’ याला पहिला क्रमांक द्यावा.